कोश उघडण्याआधीचं अर्धं मिनिट

प्रश्न थोडक्यात असा आहे: वैचारिक लेख, समीक्षा किंवा जुनी पुस्तकं वाचताना दर परिच्छेदाला एखादा शब्द अडतो. कोश उघडला की एकाच शब्दाचे चार-पाच अर्थ दिसतात आणि त्यातला कोणता घ्यायचा ते कळत नाही. शब्द आणि अर्थ वहीत उतरवले तरी महिन्याभराने तोच शब्द पुन्हा परका वाटतो. मग अर्थ लावायचा कसा, आणि शब्दसंपत्ती वाढवायची कशी?

मी प्रौढांना मराठी वाचन-लेखन शिकवते, त्यामुळे ही तक्रार सतत कानावर येते. वरवर या तीन अडचणी दिसतात, पण माझ्या मते दुखणं एकच आहे. तुम्ही स्वतःचा अंदाज न बांधता कोशाकडे जाता. रिकाम्या हाताने गेलं की कोशातले सगळे अर्थ सारखेच वाटतात, कारण ताडून पाहायला तुमच्याकडे काही नसतं. आणि आयता हाती आलेला अर्थ टिकत नाही. आधी अंदाज बांधला, तो चुकला, मग दुरुस्त केला, तर तो शब्द बराच काळ लक्षात राहतो. म्हणून कोश उघडण्याआधी अर्धं मिनिट थांबा आणि 'याचा अर्थ बहुधा असा असावा' हे मनात पूर्ण वाक्यात म्हणा. 'काहीतरी वाईट असावं' एवढ्यावर भागवू नका.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एका उताऱ्यावर पाहू. समजा एका परीक्षणात असं लिहिलंय:

'पुस्तकाचा विषय महत्त्वाचा आहे, पण लेखकाचा अभिनिवेश वाचकाला दूर लोटतो. विरोधी मत आलं की त्याचा सूर चढतो आणि पुराव्याची जागा विशेषणं घेतात. एरवी साक्षेपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासकाकडून ही अपेक्षा नव्हती.'

'अभिनिवेश' आणि 'साक्षेपी' हे दोन शब्द अडले असं धरू. पहिला शब्द आधी घेऊ. 'लेखकाचा' म्हटलंय, म्हणजे ते पुल्लिंगी नाम आहे आणि लेखकाच्या ठिकाणी असलेली एखादी गोष्ट आहे. ती वाचकाला दूर लोटते आणि वाक्यात आधी 'पण' आलाय, म्हणजे तो दोष आहे. कसला दोष, ते पुढच्या वाक्याने जवळजवळ सांगूनच टाकलंय: सूर चढतो, पुरावे मागे पडतात, विशेषणं पुढे येतात. म्हणजे आपलंच मत खरं असा तावातावाने धरलेला आग्रह. कोशाला हात न लावता आपण इथवर आलो. आता शब्दाची घडण बघा. शेवटी 'वेश' दिसतो. प्रवेश, आवेश, समावेश यांतही तो आहे, आणि या सगळ्यांच्या मुळाशी 'शिरणे' या अर्थाचा विश् हा धातू आहे. मत अंगात शिरलंय, असं चित्र उभं राहतं आणि अंदाजाला दुजोरा मिळतो.

दुसरा शब्द मुद्दाम निवडलाय. 'साक्षेपी' बघितल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे 'आक्षेप' येतो आणि ते अर्थ लावतात: सतत आक्षेप घेणारा, खोड्या काढणारा. पण वाक्य काय म्हणतं? असल्या माणसाकडून 'ही अपेक्षा नव्हती'. म्हणजे हा गुण आहे, आणि वर वर्णन केलेल्या वागण्याच्या उलटा गुण आहे: काळजीपूर्वक, कसून, मेहनतीने अभ्यास करणारा. अर्थ तोच आहे. रामदासांच्या लेखनात 'साक्षेप' येतो तो नेटाने केलेल्या उद्योगाच्या अर्थाने.

यातून क्रम ठरतो. आधी वाक्य, मग शब्दाची घडण, सगळ्यात शेवटी कोश. घडण आणि वाक्य यांचं भांडण झालं तर वाक्याचं ऐकायचं. संस्कृतची थोडी पार्श्वभूमी असलेले वाचक इथे हमखास घसरतात. त्यांना फोड करता येते, म्हणून ते आधी फोडच करत बसतात.

वाक्याकडून माहिती काढण्याच्या काही जागा ठरलेल्या आहेत. 'पण', 'उलट', 'नव्हे तर' दिसलं की दोन बाजू विरुद्ध आहेत. 'म्हणजेच', 'अर्थात' आलं की लेखकाने अर्थ स्वतःच दिलाय. ही ओळखीची युक्ती आहे, तिच्यावर जास्त बोलत नाही. मराठीची खास सोय मात्र फारसं कुणी सांगत नाही, ती म्हणजे जोडशब्द. आपल्या भाषेला एकाच अर्थाचे दोन शब्द जोडायची आवड आहे, आणि बऱ्याचदा ते दोन वेगळ्या भाषांतून आलेले असतात: धनदौलत, बाजारहाट, कागदपत्र, सल्लामसलत, रीतिरिवाज, मानमरातब. यातला एक तुम्हाला माहीत असला की दुसरा जवळपास फुकटात मिळतो. 'मरातब' एकटा भेटला तर अडाल, पण 'मान' शेजारी असल्यावर अडायचं कारण नाही. एवढंच सांभाळा की काही जोड्यांत दुसरा शब्द नुसता नादासाठी असतो. 'उरलंसुरलं'मधल्या 'सुरलं'चा अर्थ शोधण्यात वेळ घालवू नका.

आता घडणीबद्दल. उपसर्गांची यादी पाठ करण्याने फारसं साधत नाही, कारण उपसर्ग अर्थात भर घालतोच असं नाही. कधी तो अर्थ पार दुसरीकडे नेतो. एकाच हृ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार आणि परिहार निघाले. जेवण, भटकंती, फटका, नाश, भेट आणि शंकेचं निरसन! जुन्या वैयाकरणांनाही ही गंमत माहीत होती, त्यांनी यांतल्याच पाच शब्दांवर श्लोक रचून ठेवलाय. म्हणून उपसर्गावरून दिशा धरा, नेमका अर्थ धरू नका.

तरी घडणीच्या तीन जागा अशा आहेत की तिथे घातलेला वेळ वसूल होतो.

पहिली जागा 'अनु'ने सुरू होणाऱ्या शब्दांची. अनुवाद, अनुकरण, अनुरूप यांत 'अनु' आहे: मागून, प्रमाणे. अनुचित, अनुपस्थित, अनुत्तीर्ण यांत 'अन्' आहे, म्हणजे नकार, आणि 'उ' पुढच्या शब्दाचा आहे. 'अनुदान' आणि 'अनुदार' यांत शेवटच्या अक्षराचा फरक, पण एकात 'अनु' आणि दान, दुसऱ्यात 'अन्' आणि उदार. 'अनुदार धोरण' वाचून सरकारी मदत डोळ्यांपुढे आणणारे वाचक आहेत. तपासायची रीत सोपी आहे. 'अन्' काढून उरलेला शब्द 'उ'पासून वाचून बघा. उचित, उपस्थित, उत्तीर्ण, उदार असा ओळखीचा शब्द उभा राहिला की तिथे नकार आहे. 'उवाद', 'उकरण' असं काही निघालं तर नाही. असाच सापळा 'निर्'चा. निर्दोष, निर्भय यांत तो नकार आहे, निर्णय, निर्देश, निर्माण यांत नाही. आणि 'निष्णात'मध्ये तर नकाराचा मागमूसही नाही; त्याचं नातं 'स्नान'शी आहे, विषयात पुरता न्हालेला तो निष्णात.

दुसरी जागा संधीची. शब्दाच्या सुरुवातीला अत्य, प्रत्य, अभ्य, अध्य, पर्य, व्य असं जोडाक्षर दिसलं की त्यातल्या 'य'च्या जागी पूर्वी 'इ' होती असं समजून फोडून बघा. पर्यवसान म्हणजे परि आणि अवसान, शेवट. चर्चेचं पर्यवसान भांडणात झालं, म्हणजे चर्चा शेवटी तिथे जाऊन पोचली. अभ्यागत म्हणजे अभि आणि आगत, आलेला, पाहुणा. व्यासंग म्हणजे वि आणि आसंग, विषयाशी जडलेली ओढ. 'व'च्या जागी तसाच 'उ' असतो: अन्वय म्हणजे अनु आणि अय, स्वागत म्हणजे सु आणि आगत. लांबलचक, अंगावर येणारे शब्द यामुळे एकदम लहान होतात.

तिसरी जागा माझी आवडती. हतबल, नतमस्तक, गलितगात्र, दत्तचित्त, लब्धप्रतिष्ठ, हतप्रभ. पहिला भाग काहीतरी होऊन गेल्याचं सांगतो, दुसरा भाग वस्तूचं नाव. सगळ्यांना एकच साचा लावा: 'ज्याचं अमुक तमुक झालं आहे असा'. ज्याचं बळ गेलंय, ज्याचं मस्तक वाकलंय, ज्याची गात्रं गळून गेलीत, ज्याने चित्त दिलंय, ज्याने प्रतिष्ठा मिळवलीय. हत म्हणजे मारलेलं, नत म्हणजे वाकलेलं, गत म्हणजे गेलेलं, दत्त म्हणजे दिलेलं, लब्ध म्हणजे मिळालेलं, कृत म्हणजे केलेलं. एवढी पाच-सहा पदं हाताशी असली की या जातीचे कितीतरी शब्द पहिल्याच भेटीत उलगडतात.

फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांना हाच न्याय लागतो, मात्र तिथे लक्ष शेवटाकडे द्यायचं. करारनामा, जाहीरनामा, पंचनामा, राजीनामा यांतला 'नामा' म्हणजे लेख किंवा कागद. लाचखोर, भांडखोर यांतला 'खोर' वाईट सवय दाखवतो. त्यामुळे 'खोर'ने संपणारा शब्द कौतुकाचा असेल अशी शक्यता फार कमी.

अंदाज सर्वात जास्त फसतो तो ओळखीच्या शब्दांबाबत. अनोळखी शब्दापाशी आपण निदान थांबतो तरी, ओळखीचा दिसला की पुढे निघून जातो. हिंदी भरपूर वाचणाऱ्या-ऐकणाऱ्यांनी हे विशेष जपावं. शिक्षा मराठीत दंड, हिंदीत शिक्षण. चेष्टा इकडे थट्टा, तिकडे प्रयत्न. यातायात इकडे दगदग, तिकडे वाहतूक. संसार इकडे घरदार, तिकडे सगळं जग. शिवाय विषय बदलला की मराठीतल्या मराठीतही अर्थ बदलतो. रोजच्या बोलण्यातला राग म्हणजे संताप, गाण्यातला वेगळा, आणि पतंजलीच्या योगसूत्रांतल्या पाच क्लेशांमधला राग म्हणजे आसक्ती. त्याच पाचांत 'अभिनिवेश'ही आहे, आणि तिथे तो मताचा आग्रह नसून जगण्याला चिकटून राहण्याची, मरणाला भिण्याची वृत्ती आहे. परीक्षणातला अर्थ घेऊन योगावरचं पुस्तक वाचायला बसलात तर पान कळणार नाही. सगळे शब्द माहीत असूनही वाक्य लागत नसेल, तर एखादा ओळखीचा शब्दच वेगळ्या अर्थाने आलाय असा संशय घ्या.

आता कोश. तो कधी उघडायचा आणि कसा? शब्द एकदाच आलाय, त्याच्यावाचून मुद्दा कळतोय, तर अंदाज मनात धरून पुढे जा. तोच शब्द परत आला, किंवा मुद्द्याचं सगळं ओझं त्याच एका शब्दावर असलं, तर कोश उघडा. दर परिच्छेदाला हे करावं लागत असेल तर पुस्तक सध्या तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली इंग्रजी वाचकांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण आपल्याकडे एकाच शब्दाची रूपं कितीतरी होतात. पण मापाचा अंदाज म्हणून तो चांगला आहे. तीनशे शब्दांच्या पानावर पाच-सहा अनोळखी शब्द निघाले तर वाचा. वीस निघाले तर त्याच विषयावरचं सोपं पुस्तक आधी घ्या. यात कमीपणा काही नाही.

कोशात शब्द सापडत नाही, असं अनेकजण म्हणतात. बऱ्याचदा ते चुकीचं रूप शोधत असतात. मजकुरात 'तुटीचा', 'विटेवर', 'विळख्यात' असतं. कोशात तूट, वीट, विळखा असतात. प्रत्यय लागला की तूट, वीट यांसारख्या शब्दांतला दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व होतो, तो शोधताना परत दीर्घ करायचा. जुन्या कोशांची आणखी एक खोच आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, पण त्याआधीच्या कोशांत नांव, पांच, कांहीं अशीच रूपं आहेत. क्ष आणि ज्ञ काही कोशांत क आणि ज यांच्या पोटात असतात, काहींत शेवटी. कोश हातात घेतल्यावर आधी त्याची मांडणी बघून घेतलेली बरी.

कोणत्या कोशाला काय विचारायचं हेही ठरवून घ्या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ची; एकोणिसाव्या शतकातली मराठी वाचायला आजही त्याच्यासारखा सोबती नाही, पण आजच्या वर्तमानपत्राचा शब्द त्याला विचारू नका. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यात जुन्या वाङ्मयातली उदाहरणं आहेत, आणि ती अर्थापेक्षाही जास्त उपयोगी पडतात. शब्द कुठून आला हे पाहायला कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश. पाच अर्थांतला एक निवडताना आधी व्याकरण आणि लिंग जुळवा, त्यातच दोन-तीन गळतात. उरलेले आळीपाळीने वाक्यात घालून सगळा परिच्छेद वाचा. पहिला दिलेला अर्थ तोच मुख्य, असं धरून चालू नका. पुष्कळदा तो फक्त सर्वात जुना असतो.

राहिला वहीचा प्रश्न. 'शब्द, बरोबरचं चिन्ह, अर्थ' अशी नोंद जवळजवळ वाया जाते. अर्थ म्हणून तुम्ही दुसरा एक शब्द लिहिता आणि दोन्ही एकच असल्यासारखे होतात. आरोप, आळ, ठपका, दोष हे चार शब्द घ्या. वहीत एकमेकांपुढे लिहिले की संपलं. पण आरोप करतात. तो खरा की खोटा हे अजून ठरायचं असतं. आळ येतो किंवा घेतला जातो, आणि 'माझ्यावर आळ आला' म्हणणारा तो खोटा आहे असं सुचवत असतो. ठपका ठेवतात, बहुधा चौकशी करणारा, कामातल्या हलगर्जीपणाबद्दल. दोष आपण नशिबालाही देतो. नशिबावर ठपका ठेवला असं कुणी म्हणत नाही. हा फरक क्रियापदात आणि आसपासच्या शब्दांत आहे. म्हणून नोंद करायची ती जिथे शब्द भेटला त्या पूर्ण वाक्याची, आणि शब्द त्याच्या क्रियापदासकट: तगादा लावणे, मुभा देणे, सबब सांगणे, दखल घेणे, वचक असणे. खाली तुमचा पहिला अंदाज लिहा, मग कोशातला अर्थ. अंदाज चुकला असला तर खोडू नका.

मात्र अशी जवळच्या शब्दांची तुलना ते शब्द वेगवेगळे, आपापल्या वाक्यात भेटून झाल्यावरच करा. समानार्थी शब्दांची यादी एका बैठकीत पाठ केली की ते एकमेकांत मिसळतात आणि कुठलाच धड राहत नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे नेमकं हेच करतात आणि मग पर्याय समोर आला की गोंधळतात. रोज एक नवा शब्द पाठवणाऱ्या सेवांबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. संदर्भाविना आलेला दुर्मीळ शब्द करमणूक म्हणून ठीक.

महिन्याभराने शब्द विसरतो यात तुमचं काही चुकत नाही. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की नवं पाठ केलेलं पहिल्या काही तासांत-दिवसांत भराभर विसरलं जातं, पुढे तो वेग मंदावतो. वाचनातून आपोआप शब्द शिकण्याचा वेगही धीमा असतो. यावरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा १९९९ साली घेतला गेला, त्यात साधारण शंभर अनोळखी शब्दांपैकी पंधराएक शब्द वाचता वाचता शिकले जातात असं निघालं. त्यामुळे शब्दाची पुन्हा पुन्हा गाठ पडायला हवी. वही दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने उघडा, आणि अर्थ झाकून आधी आठवायचा प्रयत्न करा. नुसतं वाचून काढू नका. याहून चांगला उपाय म्हणजे काही आठवडे एकाच विषयावरचं वाचणं. शेती, न्यायालय, संगीत, काहीही असो, त्या विषयाचे शब्द दर चार पानांनी स्वतःहून भेटायला येतात आणि वहीचं अर्धं काम वाचतं.

वाचताना कळणारा प्रत्येक शब्द बोलता-लिहिता यायलाच हवा, हा हट्ट सोडा. कळणारे शब्द वापरातल्या शब्दांपेक्षा नेहमीच कितीतरी जास्त असतात. जो वापरात आणायचाय तो तीन-चार वेगवेगळ्या लेखकांच्या वाक्यांत भेटल्याशिवाय लिखाणात घेऊ नका. नाहीतर 'ऊहापोह' हा शब्द घोळ किंवा बोभाटा या अर्थाने वापरला जातो. ऊहापोह म्हणजे साधकबाधक विचार. आणि साधा शब्द पुरत असेल तर नवा शब्द दाखवण्यासाठी वाक्य रचू नका, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

सध्या वहीत असलेल्या जुन्या यादीचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे विचाराल. ती पहिल्यापासून पाठ करायला घेऊ नका. शेजारी ठेवा, आणि वाचताना त्यातला शब्द भेटला की त्याच्यापुढे खूण करून ते नवं वाक्य उतरवा. दोन खुणा झालेले शब्द नव्या वहीत घ्या. वर्षभरात एकही खूण न झालेले तिथेच राहू द्या.